घरचे मेयोनीज व त्यातील तेल



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काही वडीलधारी मंडळी नाक मुरडतील. पनवेलसारख्या गावी, जेथे भात, भाकरी व मासळीच्या कालवणावर पिढ्यान्‌पिढ्या पोसल्या गेल्या, तेथे मेयोनीजची चर्चा कशाला, असे ते विचारतील. परंतु परकेपणाचा हा आक्षेप फार टिकणारा नाही. ज्या भुईमुगाचे तेल आपण घरचे म्हणून वापरतो तो भुईमूग दक्षिण अमेरिकेतून आला, आणि मिरचीही तिकडचीच. पदार्थ कोठून आला हा प्रश्न गौण होय. तो पोटात जाऊन काय करतो, हा मुख्य. मुलांच्या डब्यातील पावाच्या कापांवर हा पांढरा लेप आता नित्य दिसतो, व पुष्कळ गृहिणी तो घरीच करू लागल्या आहेत. हे इष्टच आहे, कारण घरच्या पदार्थात काय घालावे हे आपल्या हाती राहते.

मेयोनीज म्हणजे अंड्याचा बलक, लिंबाचा रस अथवा शिरका, किंचित मोहरी व मीठ यांत थेंबाथेंबाने तेल सोडून घोटलेला लेप. तेल व पाणी एरवी एकत्र नांदत नाहीत; परंतु बलकातील लेसिथिन नावाचे द्रव्य दोघांचा हात धरते, आणि तेलाचे सूक्ष्म कण पाण्यात अडकून राहतात. या लेपात तेलाचा वाटा बहुधा दोनतृतीयांशाहून अधिक असतो. येथेच फोडणी व मेयोनीज यांतील भेद ध्यानी घ्यावा. फोडणीत तेल हे साधन असते, मेयोनीजमध्ये तेल हेच अन्न असते. शिवाय ते तापवावयाचे नसल्यामुळे कोणते तेल किती उष्णता सोसते हा विचार येथे लागू नाही. त्याचे घटक, त्याचा ताजेपणा व त्याचे प्रमाण, या तीनच कसोट्या लावावयाच्या.

प्रथम प्रमाण पाहू. एका बलकास सुमारे 200 मिलिलिटर तेल लागते. त्याचे वजन सुमारे 184 ग्रॅम, व उष्मांक साडेसोळाशेच्या घरात. हा लेप चौघांनी संपविला तर प्रत्येकाच्या वाट्यास 46 ग्रॅम तेल आले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2010 साली बैठे काम करणाऱ्या स्त्रीस दिवसाकाठी 20 ग्रॅम व पुरुषास 25 ग्रॅम वरचे तेलतूप पुरेसे ठरविले होते. म्हणजे एका न्याहारीत दोन दिवसांचा शिधा संपला! तेल कितीही उत्तम असो, हा हिशेब त्याने चुकत नाही.

आता निवड. तेलाच्या बाबतीत आपला मुलूख अजाण कधीच नव्हता. कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील बेने इस्राएल लोक घाण्यावर तेल गाळीत व शब्बाथाच्या दिवशी घाणा बंद ठेवीत. म्हणून त्यांस ‘शनवार तेली’ हे नाव पडले. पनवेलातील त्यांचे प्रार्थनामंदिर 1849 सालचे आहे. मांसाशी दूधलोणी मिसळू नये असा त्यांचा धर्मनियम असल्याने मांसाच्या स्वयंपाकात तेल व नारळाचा रस हाच त्यांचा आधार होता.

स्निग्ध पदार्थांतील आम्ले मुख्यतः तीन प्रकारची: संपृक्त, एक-असंपृक्त व बहु-असंपृक्त. संपृक्ताचा अतिरेक रक्तातील घातक कोलेस्टेरॉल वाढवितो व हृदयास अपाय करतो. खोबरेल तेलात याचे प्रमाण शेकडा 85 हून अधिक आहे. शिवाय ते थंडीत गोठते, त्यामुळे शीतकपाटात ठेवलेला लेप दगडासारखा होतो. पामतेलात ते जवळजवळ निम्मे असते. वनस्पती तुपाचे तर नावच नको. ऑलिव्हच्या तेलात एक-असंपृक्त आम्ल शेकडा सत्तरच्या आसपास असून ते गुणकारी आहे. पण ते महाग, आणि जोराने घोटल्यास कडवटही होते. आपल्या शेंगदाण्याच्या तेलात हेच आम्ल सुमारे निम्मे असते व संपृक्ताचा भाग पंचमांशाहून कमी. तिळाचे तेलही चांगले, परंतु त्याचा वास लेपावर मात करतो. भाताच्या कोंड्याचे तेल चवीस सौम्य असल्याने येथे उपयोगी पडते. मात्र शेंगदाणा, तीळ व करडई या तिन्हींत ओमेगा-3 जवळजवळ नसते. ते सोयाबीन व मोहरीच्या तेलात काही असते, जवसात विपुल. म्हणून बारमाही एकाच तेलास चिकटू नये, आणि जवसाची चटणी ताटातून जाऊ देऊ नये.

डब्यावरील ‘कोलेस्टेरॉलविरहित’ या अक्षरांना भुलू नका. कोणत्याही वनस्पतीच्या तेलात ते नसतेच. मग न विकलेल्या वस्तूचे कौतुक कशाला?

लाकडी घाण्याच्या तेलाची सध्या चलती आहे. त्यास स्वाद असतो हे खरे. परंतु बुरशी आलेले दाणे घाण्यात गेले तर त्यांतील विष तेलातही उतरते. म्हणून घाणा विश्वासाचा हवा. आपल्या दमट हवेत तेल लवकर खवट होते. ते थोडे आणावे व अंधारात ठेवावे. खवट तेलाचा दोष फोडणीत झाकेल, कच्च्या लेपात झाकणार नाही.

एका गोष्टीत मात्र हयगय नको. कच्च्या अंड्यातून साल्मोनेला नावाचे जंतू पोटात जातात, व लहान मुले, गर्भवती व वृद्ध यांस ते जिवावर बेतू शकते. कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर तेलंगण सरकारने 30 ऑक्टोबर 2024 रोजी एक वर्षाची बंदी घातली, ती उगाच नव्हे. तेव्हा बलक लिंबाचा रस व थोडे पाणी घालून मंद वाफेवर, सतत ढवळीत, 71 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावा. नंतर निववून तेल घालावे. किंवा अंडे अजिबात वगळावे.

माझा सल्ला इतकाच: 100 मिलिलिटर शेंगदाण्याचे अथवा कोंड्याचे तेल घेऊन लेप करावा, आणि उरलेल्या निम्म्या भागाऐवजी घरच्या दह्याचा चक्का त्यात घोटावा. तेल एकदम निम्म्यावर येते, आंबटपणा अंगचाच मिळतो, आणि मुले तक्रार करीत नाहीत. तो शीतकपाटात ठेवून दोन दिवसांत संपवावा. उत्तम तेल शोधण्यास बाजारात जावे लागते. कमी तेल घालण्यास केवळ हात आवरावा लागतो. हृदयाच्या दृष्टीने हे दुसरे काम अधिक मोलाचे आहे.