जर्मनीतला बंद रविवार

एका सत्रापुरता जर्मनीत शिकायला गेलेल्या विद्यार्थ्याला पहिला रविवार खायला उठतो. दुकानं बंद, रस्ते ओस. रविवारची विश्रांती तिथे थेट राज्यघटनेनं जपली आहे. १९१९च्या वायमार घटनेतलं ते कलम आजही लागू आहे. मग शुक्रवारीच पॅरिस नाहीतर प्राग गाठायचा मोह होतो. माझ्या मते गावात थांबण्यातच जास्त कमाई आहे. ट्यूबिंगनचंच घ्या. नेकार नदीकाठी कवी होल्डरलिननं आयुष्याची शेवटची ३६ वर्षं काढली तो मनोरा आहे, आणि शोनबुखच्या जंगलातून चालत गेलं की बेबेनहाउझेनचा बाराव्या शतकातला मठ. वर्गात इंग्रजीवर निभावतं. या वाटांवर फिरायला आलेल्या आजी-आजोबांशी मात्र मोडकंतोडकं का होईना, जर्मनच बोलावं लागतं.

कुणी म्हणेल, युरोप पुन्हा कधी पाहणार? शंका रास्त आहे, विशेषतः कर्ज काढून गेलेल्यांची. पण पॅरिस पुढेही पर्यटक म्हणून पाहता येतं. एखाद्या गावचं रहिवासी होणं सत्राबरोबर संपतं. एकटेपणा? तो खराच, पण रात्रभराच्या बसप्रवासानं फक्त सोमवारवर ढकलला जातो. गाव अगदीच अपुरं पडलं, तर मे २०२३पासून मिळणारं मासिक ‘डॉइचलांड टिकिट’ देशभरच्या स्थानिक गाड्यांत चालतं. किराणा तेवढा शनिवारीच भरून ठेवायचा.