'स्पार्टाकस' आणि पडद्यावरचे एक नाव

भव्य ऐतिहासिक चित्रपट म्हटला की आपण फौजा आणि खर्च मोजू लागतो. १९६० सालच्या 'स्पार्टाकस'विषयी बोलताना मी श्रेयनामावलीतील एका नावापाशी थांबणार आहे. मूळ कादंबरीकार हॉवर्ड फास्ट आणि पटकथाकार डाल्टन ट्रंबो हे दोघेही अमेरिकी काँग्रेसच्या चौकशी समितीला दाद न दिल्याबद्दल १९५० मध्ये तुरुंगात गेले. प्रकाशक धजेनात, तेव्हा फास्ट यांनी १९५१ मध्ये कादंबरी स्वतःच छापली. ट्रंबो टोपणनावांनी लिहीत राहिले. काळ्या यादीमुळे निर्मात्यांना उत्तम लेखक स्वस्तात मिळू लागले. देशभक्तीचा हा बाजारभाव अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने तरी ध्यानात घ्यावा! १९५७ मध्ये 'रॉबर्ट रिच' यास ऑस्कर मिळाले, पण असा लेखक अस्तित्वातच नव्हता. ते ट्रंबोच होते.

'स्पार्टाकस'मध्ये निर्माते-नट कर्क डग्लस यांनी त्यांचे खरे नाव झळकवले. मात्र ऑटो प्रेमिंजर यांनी 'एक्झोडस'बाबत तशी घोषणा आधीच केली होती; तेव्हा सारे श्रेय एकट्या डग्लसना देणे मला रास्त वाटत नाही.

पराभवानंतर स्पार्टाकसला ओळखून देण्याचे फर्मान सुटते, तेव्हा एकेक बंदी उठून ते नाव स्वतःचे सांगतो. तो प्रसंग पुन्हा पाहाल तेव्हा लेखकाचा तुरुंगवास आठवा. आणि हेही आठवा, की त्यातील रोमन पलटणींसाठी उभे केलेले सुमारे ८,००० सैनिक फ्रँकोच्या स्पेनचे होते.