वस्तरा, विषाणू आणि परमुलखातील गिऱ्हाईक
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. उभी हयात मुलांस शिकविण्यात गेली. रोगांविषयी बोलण्याचा अधिकार डॉक्टरांचा. तथापि ज्या वस्तऱ्याने आपल्या नाभिक समाजास पिढ्यान् पिढ्या अन्न दिले, त्या वस्तऱ्याशी हा विषय निगडित असल्यामुळे आम्ही तो निवडला आहे.

दोन वर्षांपूर्वी चाकणनजीक एका ज्ञातिबंधूंच्या दुकानात आम्ही बसलो होतो. ओडिशाकडील एक तरुण कामगार दाढीसाठी आला. खुर्ची रिकामी असताही मालकांनी त्यास परत पाठविले आणि आम्हांस म्हणाले, "गुरुजी, ती रक्तातली कावीळ याच लोकांनी इकडे आणली." आम्ही शिकलेसवरलेले, पण आम्हीही मान डोलावली.

पुढे सहा महिन्यांनी त्याच मालकांच्या चिरंजीवांनी रक्तदान केले. रक्तपेढीकडून बोलावणे आले. रक्तात हिपॅटायटिस बी या रोगाचा विषाणू सापडला होता. घरातील सर्वांची तपासणी झाली, तेव्हा मातोश्रींच्या रक्तातही तो निघाला. त्या माउलीस कधी कावीळ झाल्याचे स्मरत नव्हते. मुलास तो बहुधा जन्मतःच मिळाला असावा, असे डॉक्टरांनी सांगितले. म्हणजे तो परप्रांतीय तरुण येथे येण्याच्या कितीतरी आधी रोग याच घरात वस्तीस होता!

या विषाणूची रीतच तशी आहे. प्रौढ माणसास तो जडला तर शंभरांत पाचांहून कमी जणांच्या शरीरात तो कायम राहतो. नवजात अर्भकास जडला तर सुमारे नव्वदांच्या. वर्षानुवर्षे तो मुकाट असतो, आणि मग काहींच्या बाबतीत यकृत आकसते किंवा तेथे कर्करोग उद्भवतो. ब्लुंबर्ग नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९६० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तात त्याची खूण ओळखली. १९७६ साली त्यांस नोबेल पारितोषिक लाभले.

आपण मंडळी कुळ विचारणारी! तर या विषाणूंसही कुळे आहेत. त्यांस जनुकप्रकार म्हणतात. दोन विषाणूंच्या जनुकांच्या मजकुरात आठ टक्क्यांहून अधिक फरक पडला की कुळ निराळे मानतात. आपल्या देशात मुख्यत्वे डी आणि ए ही कुळे आढळतात. पूर्वेकडे सी हेही आढळते. पश्चिम आफ्रिकेत ई, तर चीन-जपानकडे बी आणि सी. युरोप-अमेरिकेत गेलेल्या लोकांच्या रक्तात पुष्कळदा जन्मभूमीचेच कुळ सापडते. आजाराचा कल आणि काही औषधांचा गुण अजमावण्यास डॉक्टरांस या ज्ञानाचा उपयोग होतो.

कोणी म्हणेल, मग मालकांचेच खरे ठरले! विषाणू माणसाबरोबर प्रवास करतो, हे खरे. परंतु पाहुण्याने आणला असे म्हणावे, तर यजमानाच्या घरीही तो होताच. शिवाय एका ताटात जेवल्याने, हात मिळविल्याने किंवा शेजारी राहिल्याने तो लागत नाही. त्यास रक्ताची वाट लागते : दूषित सुई, शरीरसंबंध, प्रसूती आणि, बंधूंनो, वस्तरा. वाळलेल्या रक्तातही तो सात दिवस तग धरतो. तुरटी रक्त थांबविते. विषाणू मारण्याचा भरवसा तिच्यावर ठेवू नये. प्रत्येक गिऱ्हाइकास नवे पाते, हाच उपाय. त्याने गिऱ्हाईक वाचते आणि ज्याच्या बोटास वारंवार कापते तो कारागीरही वाचतो.

आणि परका तरी कोण? १९४७ नंतर सिंधी निर्वासित पिंपरीच्या छावणीत उतरले. १९५४ साली तेथे पेनिसिलिनचा कारखाना स्थापन झाला. पुढे मोटारींचे कारखाने आले आणि बीड, सोलापूर, नगरकडून आपलीही कित्येक कुटुंबे धोकटी घेऊन येथे आली. त्या वेळी आपणांस कोणी खुर्ची नाकारली असती तर?

सर्व कुळांच्या विषाणूंवर लस मात्र एकच आहे. २०११ पासून ती देशभर बालकांस देण्यात येते. पहिली मात्रा जन्मापासून चोवीस तासांत मिळाली पाहिजे. आज दुकानात उभे असणारे बहुतेक त्यापूर्वी जन्मले. त्यांनी रक्त तपासून तीन मात्रा घ्याव्यात. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली ठराविक सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळतात.

त्या चिरंजीवांचा विवाह गेल्या वर्षी झाला. आधी वधूपक्षास सर्व सांगितले, वधूने लस घेतली. सांगण्याचे धैर्य त्या मुलाचे. आम्ही प्रथम 'गप्प राहा' असाच सल्ला दिला होता, ही कबुली येथे देणे आमचे कर्तव्य आहे.

१८९० साली मुंबईच्या नाभिकांनी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने विधवांच्या केशवपनास नकार दिला. वस्तरा कोठे थांबवावा, हे आपल्या पूर्वजांनी जाणले होते. आपण वापरलेल्या पात्यास नकार द्यावा, माणसास देऊ नये, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.