संतवाणी, सावकारी आणि मुक्तिबोधांचे तीन प्रश्न

(रायपूर येथील बूढापारा भागात मराठी भाषक कार्यकर्त्यांपुढे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



मार्क्सवादी साहित्यविचार म्हटला की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे एक ठोकळेबाज सूत्र उभे राहते : आर्थिक पाया जसा, तसा त्यावरील सांस्कृतिक इमला. 1859 च्या सुप्रसिद्ध प्रस्तावनेत मार्क्सने पाया व इमला यांची मांडणी केली हे खरे. परंतु तिचा यांत्रिक वापर होऊ लागला, तेव्हा 1890 साली ब्लॉखला लिहिलेल्या पत्रात एंगल्सला बजावावे लागले की, आर्थिक घटक अखेरीस निर्णायक असला तरी तो एकमेव घटक नव्हे; विचार, कायदा, धर्म हेही लढ्याच्या गतीवर परिणाम घडवून आणतात. हे पत्र तोंडपाठ असलेली मंडळीसुद्धा प्रत्यक्ष कविता समोर आली की कवीची जात आणि वर्ग विचारून मोकळी होतात. म्हणून आज सिद्धांताची उजळणी न करता, याच परिसरात राहून ज्यांनी तो साहित्याला लावून दाखविला, त्या गजानन माधव मुक्तिबोधांच्या एका निबंधाच्या आधारे आपल्या संतवाणीकडे पाहू.

मुक्तिबोध मराठी घरातले, पण लेखणी हिंदीची. धाकटे बंधू शरच्चंद्र यांनी नागपुरात राहून मराठीत मार्क्सवादी कविता, कादंबरी आणि सौंदर्यविचार लिहिला. थोरल्याने 1958 पासून राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयात शिकवीत हिंदी कवितेचे वळणच बदलले. ‘मध्ययुगीन भक्ति-आंदोलन का एक पहलू’ हा त्यांचा निबंध 1955 चा, म्हणजे नागपूरच्या वास्तव्यातला. त्यात ते म्हणतात ते थोडक्यात असे : कोणत्याही साहित्याला तीन प्रश्न विचारावेत. ते कोणत्या सामाजिक व मानसिक शक्तींतून जन्मले? त्याचे अंतःस्वरूप काय? आणि नंतर कोणत्या शक्तींनी त्याचा उपयोग वा दुरुपयोग केला, सामान्य माणसाच्या मनातले काय त्याने वाढविले आणि काय मारले? आपली बहुतेक टीका पहिल्या प्रश्नापाशी थांबते, रसिकांची टीका दुसऱ्यापाशी. तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, आणि वर्गसमाजात तोच सर्वांत बोचरा असतो.

तुकोबांचेच पाहा. घर वाण्याचे, महाजनकीचे. व्याजबट्ट्याचा व्यवहार चालत आलेला. 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळात घरातली माणसे अन्नाविना गेली. त्यानंतर, परंपरा सांगते त्याप्रमाणे, तुकोबांनी कर्जरोख्यांची वाटणी केली : निम्मे धाकट्या कान्होबाच्या हाती दिले आणि आपल्या वाट्याचे निम्मे इंद्रायणीत बुडविले. कीर्तनकार ही कथा वैराग्याची म्हणून सांगतात. मला तीतला कान्होबाचा निम्मा वाटा अधिक महत्त्वाचा वाटतो. एका माणसाने आपल्यापुरती सावकारी बुडविली. सावकारी ही संस्था मात्र उरलेल्या निम्म्या कागदांवर सुखरूप राहिली. पुढे त्याच नदीत अभंगाच्या वह्याही बुडवाव्या लागल्या. वह्या तरल्या असे श्रद्धा सांगते. कुळांचे रोखे पुन्हा वर यावेत अशी इच्छा मात्र कोणा भाविकाने केलेली ऐकिवात नाही, आणि लोकांची स्मृती किती शहाणी असते हे यावरून कळावे!

आता तिसरा प्रश्न. 1869 साली मुंबई सरकारच्या पैशाने तुकोबांची गाथा इंदुप्रकाश छापखान्यातून छापून निघू लागली. काम विद्वत्तेचे, उपकारकच. परंतु त्याच सरकारची दिवाणी न्यायालये त्याच पुणे जिल्ह्यातील कुणब्यांवर सावकारांचे हुकूमनामे बजावीत होती. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात चढलेले कापसाचे भाव 1865 नंतर कोसळले होते, आणि त्यावर वाढीव शेतसाऱ्याचा बोजा पडला होता. 12 मे 1875 रोजी सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांतून रोखे बाहेर काढून जाळले. ठिकठिकाणी हेच घडले. माणसांवर हात क्वचितच टाकला गेला, रोष कागदांवर होता. 1879 चा दख्खन शेतकरी कायदा त्यातून आला. देहूला एकाने आपले रोखे बुडविले आणि सुप्याला अनेकांनी दुसऱ्यांचे जाळले. मधली सव्वादोनशे वर्षे अभंग गावोगाव गायिले जात होते. सुप्याच्या कुणब्याला ते पाठ नसतील असे मी मानणार नाही. त्यांनी माणसाला ताठ उभे राहण्याचे बळ दिले, पण रोखा कोठे ठेवलेला असतो आणि त्यामागे कोणते न्यायालय उभे असते, हे सांगणे त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते.

चोखोबांची कहाणी याहून कठोर आहे. परंपरेनुसार 1338 साली मंगळवेढ्याला गावकुसाच्या वेठीच्या कामावर असताना भिंत कोसळून ते गेले. अभंग वारकऱ्यांच्या मुखी राहिले, समाधी महाद्वारासमोर झाली, आणि त्यांच्या जातीची माणसे दाराबाहेर उभी राहिली. पंढरपूरचे मंदिर त्यांना खुले होण्यास 1947 चा मे महिना आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. सहाशे वर्षे! डॉ. आंबेडकरांनी 1948 साली ‘अस्पृश्य’ हा इंग्रजी ग्रंथ ज्या तीन संतांना अर्पण केला त्यांत चोखोबा आहेत, हेही एका साहित्याच्या उपयोगाचेच उदाहरण होय, आणि फार निराळे.

असे का व्हावे? मुक्तिबोधांचे उत्तर असे की, ही चळवळ खालच्या थरांतून जातिभेदाविरुद्ध उठली. तिचे बळ पाहून उच्चवर्णीय तीत शिरले आणि त्यांनी तिला आपल्या साच्यात ओतले. सरंजामी उत्पादनपद्धती आणि तिच्यावर उभी असलेली ग्रामरचना मोडणारा कोणताही वर्ग तेव्हा पुढे आला नव्हता, म्हणून देवापुढची समता शेतात उतरली नाही. जर्मन शेतकरी युद्धावर लिहिताना एंगल्सने म्युंत्सर आणि लूथर यांच्यात जी रेषा ओढली, तिची येथे आठवण व्हावी. आपल्याकडे न्यायमूर्ती रानडे यांनी संतांना राष्ट्रोदयाचे श्रेय दिले, राजवाड्यांनी त्यांच्यावर निष्क्रियतेचा ठपका ठेवला, आणि 1950 साली गं. बा. सरदारांनी ‘संत वाङ्मयाची सामाजिक फलश्रुती’ लिहून हा वाद पुष्कळसा जमिनीवर आणला. रानडे आणि राजवाडे दोघेही संतांना राज्यकर्त्याच्या फूटपट्टीने मोजत होते, असे माझे मत आहे.

बूढापाऱ्यात बोलत असता माधवराव सप्रे यांना वगळता येत नाही. त्यांच्या नावाची शाळाच येथे उभी आहे. मराठी घरातल्या या माणसाने 1900 साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ काढले आणि 1908 साली राजद्रोहाच्या आरोपाखाली अटक पत्करली. दासबोध आणि गीतारहस्य त्यांनीच हिंदीत नेले. तुकोबांची गाथा न निवडता दासबोध का निवडला, असा प्रश्न मनात येतो. प्रयत्न, संघटन आणि कर्मयोग यांची त्या काळच्या राष्ट्रीय मध्यमवर्गाला भूक होती. त्यासाठी ब्राह्मणाचे श्रेष्ठत्व मानणारा ग्रंथ सोयीचा पडला, अडचणीचा वाटला नाही. पण सप्र्यांची 1901 ची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा पाहा. विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराला त्याच झोपडीतल्या मातीची एक टोपली उचलत नाही. मालमत्तेचे ओझे इतक्या थोड्या ओळींत क्वचितच कोणी दाखविले असेल. शेवटी जमीनदाराला पश्चात्ताप होतो आणि झोपडी परत मिळते. झोपडी परत मिळाली, पण जमीनदारी जागच्या जागी राहिली, जसा कान्होबाचा वाटा राहिला होता. या प्रांतातली मालगुजारी 1951 साली कायद्याने गेली, कोणाच्या पश्चात्तापाने नव्हे.

छत्तीसगडात 1756 साली जन्मलेल्या गुरू घासीदासांचा सतनामही याच तीन प्रश्नांनी वाचावा लागेल. मूर्ती नाकारणारी, जात नाकारणारी ही शिकवण शेतात राबणाऱ्यांची होती. पुढे गुरूची गादी वंशपरंपरेने चालू झाली. पंथी गीते आजही जिवंत आहेत. येथील मराठी कार्यकर्त्यांनी ती ऐकावीत, लिहून घ्यावीत, आणि चोखोबांच्या शेजारी ठेवून पाहावीत. भाषेची अडचण येथे कोणाला फारशी येऊ नये.

मुक्तिबोधांनाही त्यांचाच तिसरा प्रश्न चुकला नाही. 1962 साली मध्य प्रदेश शासनाने त्यांच्या ‘भारत : इतिहास और संस्कृति’ या पुस्तकावर बंदी घातली. 11 सप्टेंबर 1964 रोजी ते दिल्लीत गेले, आणि पहिला कवितासंग्रह त्यांच्या डोळ्यांदेखत निघू शकला नाही. आज राजनांदगावात, ते राहत होते त्या परिसरात त्यांचे स्मारक आहे आणि तेथे हार घालायला शासनाचे मंत्री येतात.