बाहेरचे नेमणूकपत्र आणि आतली बढती
(प्राध्यापक-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)

प्राध्यापकांच्या खोलीत ज्याची कुजबूज होते, परंतु संघटनेच्या सभेत ज्याचा उच्चार होत नाही, अशा एका व्यवहाराविषयी मी आज बोलणार आहे. दुसऱ्या संस्थेचे नेमणूकपत्र मिळवायचे, ते आपल्या संस्थाचालकांपुढे ठेवायचे आणि त्या बळावर बढती पदरात पाडून घ्यायची, हा तो व्यवहार. अमेरिकेतील विद्यापीठांत तो उघडपणे चालतो. बाहेरून बोलावणे आले की आपले विद्यापीठ प्रतिप्रस्ताव देते आणि घासाघीस सुरू होते. आपल्या अनुदानित महाविद्यालयांत वेतनश्रेणी शासन ठरवते. त्यामुळे येथे घासाघीस होते ती फाइल हलविण्यावरून.

प्रथम माझाच कबुलीजबाब देतो. १९८४ साली मी एका महाविद्यालयात अर्थशास्त्राचा अधिव्याख्याता झालो. १९८६ च्या वेतन-योजनेनुसार आठ वर्षांच्या सेवेनंतर वरिष्ठ श्रेणी मिळावयाची होती. १९९२ मध्ये माझी आठ वर्षे भरली, आवश्यक ते वर्गही पूर्ण झाले. पण प्रस्ताव संस्थेच्या कपाटात पडून राहिला. दोन वर्षांनी दुसऱ्या जिल्ह्यातील एका महाविद्यालयात माझी निवड झाली. ते पत्र मी चिटणीसांच्या टेबलावर ठेवले. "सर, तुम्ही असे सोडून कसे जाता?" असे म्हणत त्यांनी चहा मागविला. पंधरा दिवसांत माझा प्रस्ताव विद्यापीठाकडे रवाना झाला. मी गेलो नाही.

त्याच कपाटात माझ्या एका सहकारी बाईंचाही प्रस्ताव होता. सेवेने त्या मला एक वर्ष ज्येष्ठ आणि अध्यापनात माझ्याहून सरस. परंतु घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई होत्या आणि यजमानांची नोकरी त्याच गावात होती. बाई गाव सोडणार नाहीत, हे संस्थाचालक पुरते ओळखून होते. त्यांनी माझे अभिनंदन केले आणि हळूच विचारले, "सर, माझ्या फाइलविषयी काही बोललात का?" मी बोललो नव्हतो. ते मला सुचलेदेखील नव्हते.

मित्रहो, जोन रॉबिन्सन यांनी १९३३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात श्रमाचा एकच खरेदीदार असलेल्या बाजाराचे विश्लेषण केले आहे. दुसरीकडे जाण्याची वाट ज्याला नाही, त्याला त्याच्या श्रमाच्या मोलापेक्षा कमी देऊनही मालकाचे काम भागते. बाईंच्या बाबतीत नेमके हेच झाले. त्यांची गुणवत्ता कमी नव्हती. त्यांच्या पायांत बेड्या होत्या आणि त्या बेड्यांचा लाभ संस्थेला मिळत होता.

आल्बर्ट हर्शमन यांनी १९७० साली याच प्रश्नाची दुसरी बाजू मांडली. संस्था बिघडली की माणसापुढे दोन मार्ग असतात : निघून जाणे किंवा आवाज उठविणे. नायजेरियातील रेल्वेचा कारभार त्यांनी पाहिला होता. तिचे ग्राहक मालमोटारींकडे वळले. ज्यांनी मोठ्याने तक्रार केली असती तेच निघून गेले आणि रेल्वे होती तशीच राहिली. यात माझ्या अनुभवाची भर घालतो. मी निघून गेलो नाही, केवळ जाण्याची धमकी दिली. तरीही माझा आवाज बंद झाला. श्रेणी मिळाल्यानंतर वर्षभर मी संघटनेच्या एकाही सभेला फिरकलो नाही. संस्थेने एक फाइल हलविली आणि एक तक्रारदार कमी केला. सौदा तिला स्वस्तातच पडला!

मग असे पत्र वापरूच नये काय? मी तसे म्हणणार नाही. अधिक रोजीसाठी गिरणी बदलणाऱ्या कामगाराला आपण दोष देत नाही. प्राध्यापकाला तरी का द्यावा? दोष आहे तो हक्काची गोष्ट मेहेरबानी म्हणून वाटणाऱ्या व्यवस्थेचा. परंतु आपले पत्र टेबलावर ठेवताना शेजाऱ्याच्या फाइलचाही विषय काढावा, एवढी अपेक्षा आपल्या कार्यकर्त्याकडून गैर नाही.

बाईंचे पुढे काय झाले? तीन वर्षांनी आमच्या शाखेने प्रत्येकाच्या पात्रतेची तारीख आणि प्रस्ताव कोठे अडला आहे, याची यादी करून सूचनाफलकावर लावली. ती लिहिताना मी होतो. उशिरा का होईना, होतो. महिनाभरात पाच फाइली एकदम निघाल्या. त्यांत बाईंची होती, आणि ज्यांना कोठूनही बोलावणे येणार नव्हते अशा चौघांच्याही होत्या. पत्राने एकाचे काम झाले. यादीने पाचांचे झाले.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत बढतीची प्रक्रिया अर्जापासून सहा महिन्यांत पूर्ण करण्याचे बंधन घातले गेले. पण कागदावरचे बंधन आपोआप पाळले जात नाही. त्यासाठी फलकावर यादी लागते. आणि आज आपल्यासमोर तासिका तत्त्वावर राबणारा तरुण अध्यापक उभा आहे. त्याला सुट्टीत मोबदला नाही, बढतीची फाइलच नाही. रिक्त जागा भरल्या जात नाहीत, तेव्हा बाहेरचे पत्र त्याने आणावे तरी कोठून? वैयक्तिक सौद्याची वाट त्याच्यासाठी मुळातच बंद आहे. म्हणून आपल्या पुढच्या यादीत पहिले नाव त्याचे असले पाहिजे.

"माझ्या फाइलविषयी काही बोललात का?" हा प्रश्न आज तो आपल्याला विचारीत आहे. मी एकदा निरुत्तर झालो होतो. आपण होऊ नये, एवढीच विनंती करून मी थांबतो.