पाटीवरची नावं, पटावरची नावं

(आदिलाबाद जिल्ह्यातील सरकारी मराठी शाळांचे शिक्षक, पालक आणि सहकारी यांच्या संमेलनातील अध्यक्षीय भाषण)



माझ्याहून लायक माणसं समोर बसली आहेत, हे प्रत्येक अध्यक्ष म्हणतो. मीही म्हणून टाकतो. ऐन कापूस वेचणीच्या दिवसांत तुम्ही रान सोडून आलात, याची जाणीव आहे. म्हणून नमनाला घडाभर तेल घालत नाही.

वर्षभराचा आढावा अध्यक्षाने घ्यावा असा आपला प्रघात आहे. थोडक्यात घेतो. कुणी शाळेला रंग दिला, कुणी बाकं दिली, कुणी पाणी शुद्ध करायचं यंत्र. नांदेड, पुणे, हैदराबादला नोकरीत असलेल्या आपल्या पोरांनी वह्या आणि दप्तरं पाठवली. मार्च २०२२ मध्ये तेलंगणात ‘मन ऊरु मन बडी’ ही शाळासुधारणेची योजना सुरू झाली, तेव्हा मोठ्या देणगीदाराचं नाव वर्गखोलीला किंवा शाळेला देण्याची सोयच सरकारने करून ठेवली. २०२४ पासून अम्मा आदर्श पाठशाला समित्या आल्या आणि गावच्या महिला संघाच्या बाया शाळेच्या दुरुस्तीत उतरल्या. दुपारची खिचडी शिजवणाऱ्या बायांचं मानधन थकलं तरी चूल थंड पडत नाही, हे सगळ्या मुख्याध्यापकांना ठाऊक आहे. या सगळ्यांचे मनापासून आभार. टाळ्या वाजवा, त्यांचा तो हक्क आहे.

आता टाळ्या पुरे. यापुढे जे बोलणार आहे ते बरीच वर्षं पोटात ठेवलं आहे. नोकरीत होतो तेव्हा बोलता येत नव्हतं. निवृत्त झालो तेव्हा कुणी बोलावत नव्हतं. आज बोलावलंत, तर ऐका.

आपल्या शाळांच्या भिंतींवर देणगीदारांच्या पाट्या आहेत. त्या पाट्या मी वाचतो, मग आत जाऊन हजेरीपट वाचतो. पाटीवरची आडनावं पटावर सापडत नाहीत. ज्याने रंग दिला त्याची नातवंडं सकाळी पिवळ्या व्हॅनमध्ये बसून आदिलाबादला खाजगी शाळेत जातात. ज्याने बाकं दिली त्याचं पोर त्या बाकावर एक दिवसही बसलेलं नाही. मास्तरांनो, तुम्ही हसू नका. तुमच्यातल्या कितीजणांची मुलं तुमच्याच शाळेत आहेत? हात वर करायला सांगत नाही, मोजायला वेळ लागणार नाही म्हणून. माझी दोन्ही मुलं माझ्याच वर्गात शिकली आणि इतरांपेक्षा चार छड्या जास्त खाऊन मोठी झाली.

तुम्ही म्हणाल, पोर कुठे घालायचं हा घरचा प्रश्न, देणगीशी त्याचा काय संबंध? संबंध सांगतो.

मी एका गावात मुख्याध्यापक होतो. गावाचं नाव घेत नाही. सरपंचाचा नातू तिसरीत होता त्या वर्षी बोअरची मोटर जळली. सकाळी जळली, दुपारच्या सुट्टीत मेकॅनिक हजर. गुरुजी दोन दिवस रजेवर गेले, तर संध्याकाळी सरपंचाच्या घरून विचारणा, की बदली माणूस कोण येणार. शिक्षणखात्याच्या साहेबांची जीपसुद्धा त्या वर्षी आमच्या आवारात जास्त दिसायची. पुढच्या जूनमध्ये नातू व्हॅनमध्ये बसला. मोटर पुन्हा जळली. मोटर तीच आणि सरपंचही तोच. दिवाळी उलटली तरी पोरी घरून बाटल्या भरून आणत होत्या. आणि सव्वीस जानेवारीला त्याच सरपंचाने शाळेला पाणी शुद्ध करायचं यंत्र भेट दिलं. शाल मीच घातली, नारळ मीच दिला. यंत्र आलं, पाणी नव्हतं.

त्या गृहस्थाला मी वाईट म्हणत नाही. मन मोठंच होतं त्याचं. पण ज्याचं पोर शाळेत आहे त्याला शाळेचं दुखणं रोज घरी कळतं आणि ज्याचं नाही त्याला ते फक्त झेंडावंदनाच्या दिवशी आठवतं.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा. त्यात शाळा व्यवस्थापन समिती कशी असावी ते लिहिलं आहे: तीन चतुर्थांश सदस्य पालक, आणि निम्म्या जागा स्त्रियांच्या. कायदा चांगला आहे. पण गावची बोलकी माणसं आपली पोरं घेऊन गेली की समितीत उरतात कोण? रोजमजुरीने कापूस वेचणारी बाई, सालगडी, दुसऱ्याच्या शेतावर राबणारा कोलाम बाप. ती माणसं हुशार आहेत, पण मंडल कार्यालयात त्यांना खुर्ची कुणी देत नाही. ज्यांना खुर्ची मिळते त्यांची पोरं व्हॅनमध्ये आहेत. उत्तर प्रदेशातल्या सरकारी नोकरांनी आणि लोकप्रतिनिधींनी आपली मुलं सरकारी शाळांत घालावीत, असा आदेश अलाहाबाद उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१५ मध्ये दिला होता. वर्तमानपत्रांत मथळे झाले. व्हॅन काही थांबल्या नाहीत.

दुसरा संबंध हिशोबाचा आहे. त्याच कायद्यात प्राथमिक शाळेचं गणित आहे: साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, साठच्या वर तीन, नव्वदच्या वर चार. पट घसरला की शिक्षक जादा ठरतो आणि त्याला उचलून दुसरीकडे नेतात. बाकांची संख्या कुणी विचारत नाही. व्हॅनमध्ये बसणारं प्रत्येक पोर शाळेच्या पदातला एक तुकडा सोबत नेतं. मराठी माध्यमाच्या शाळेला हे दुप्पट लागतं, कारण गेलेला मराठी शिक्षक परत मिळणं तेलुगू शिक्षकाइतकं सोपं नाही. भरती निघते, त्यात मराठीच्या जागा मोजक्या, आणि त्या जागा कशावर ठरतात? पटावर.

आता सकाळच्या सत्रात आपण ज्यावर भांडलो ते वाद. मला मध्यस्थी करायला सांगितलं आहे. करतो.

पहिला वाद: विद्या व्हॉलंटियर, म्हणजे सरकारने मानधनावर नेमलेले तात्पुरते शिक्षक, बंद झाल्यावर गावाने वर्गणी काढून कुणाला शिकवायला ठेवावं की नाही? एक पक्ष म्हणतो, ठेवू नका, सरकारचं फावतं. मलाही पूर्वी असंच वाटायचं. मग आमच्याकडे दोन वर्गांना मिळून एकच गुरुजी उरले. गावातल्या तरुणांनी कापसाच्या पैशातून वर्गणी केली आणि गावच्याच सुनेला, डी.एड. झालेल्या मुलीला, शिकवायला बसवलं. तिने पहिली-दुसरी सांभाळली म्हणून पालकांनी पोरं काढली नाहीत. पुढे भरती झाली तेव्हा आमच्याकडे माणूस आला, कारण पट होता. शेजारच्या गावाने तत्त्व पाळलं, वर्गणी केली नाही. तिथे आता कुलूप आहे. पट आहे म्हणून पद आहे. वाद संपला.

आणि गावच्याच माणसाने शिकवणं हे नवीनही नाही. १९४३ साली मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ साहेबांनी मारलवाईला गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र सुरू केलं. गोंडी भाषेची वाचनपुस्तकं तिथे देवनागरीत तयार झाली. पाड्यापाड्यांवर शिकवायला गेले ते गोंड तरुणच होते. त्या पाड्यांकडे द्यायला पैसे नव्हते, त्यांनी माणसं दिली.

दुसरा वाद: मुलांना सीमेपलीकडे महाराष्ट्रात, पांढरकवड्याला नाहीतर किनवटला पाठवावं काय? किनवट कधीकाळी आपल्याच जिल्ह्यात होतं. १ नोव्हेंबर १९५६ ला किनवट आणि राजुरा तिकडे गेले, आपण इकडे राहिलो. त्याच वर्षीच्या सातव्या घटनादुरुस्तीने कलम ३५०-अ आलं: भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी. सीमा आखली त्याच वर्षी हा शब्द दिला गेला. तो वसूल करायचा तर पोरं इथे हवीत. शिवाय व्यवहार बघा. २०१८ च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे सरकारी नोकरीत स्थानिक कोण, तर ज्याने पहिली ते सातवीतली निदान चार वर्षं इथे काढली तो. पलीकडे शिकून आलेला माझा एक विद्यार्थी इथल्या अर्जाच्या रांगेतून परत आला. तिकडे त्याला तेलंगणाचा म्हणतात, इकडे परका. केरामेरी आणि जिवतीच्या मधल्या वादग्रस्त गावांना दोन्ही राज्यांच्या शाळा लाभल्या, त्यांचं नशीब. आपल्याला एकच आहे, ती सांभाळा.

तिसरा वाद इंग्रजीचा, आणि तोच व्हॅनचा खरा ड्रायव्हर आहे. सरकारी शाळांतही २०२२-२३ पासून इंग्रजी माध्यम आलं. इंग्रजी शिकवायला माझा विरोध कधीच नव्हता. पण मराठी शाळेत शिकलेलं पोर मागे राहतं, असं सकाळी इथूनच म्हटलं गेलं, त्याला एक उत्तर. माझ्या शाळेतली सातवीची मुलगी वडिलांबरोबर कापूस खरेदी केंद्रावर गेली होती. नियम तुम्हाला माहीत आहे: ओलावा आठ टक्के असेल तर पूर्ण हमीभाव, त्यावर प्रत्येक टक्क्याला एक टक्का कपात, बाराच्या वर खरेदी नाही. यांच्या गाडीचा ओलावा अकरा निघाला. केंद्रावरचा माणूस तेलुगूत बोलत होता, बाप गोंधळला होता. पोरीने तेलुगूत विचारलं, मराठीत हिशोब केला, तीन टक्के वजा करून क्विंटलचा भाव बापाला सांगितला आणि मग पावतीवरचा इंग्रजीतला आकडा तपासून घेतला. तीन भाषा, तीन लिप्या. ती मुलगी व्हॅनमध्ये कधी बसली नव्हती. रांगेतल्या बाकीच्या बापांनी तिला पुढे बोलावून आपापले हिशोब करून घेतले. हे मी ऐकलेलं नाही, माझाही कापूस त्याच रांगेत होता.

मंडळी, मला वाईट याचं वाटतं, की त्या मुलीच्या आईला आपण कधी शाल घातली नाही. शेजारणी म्हणत होत्या, व्हॅनला पैसे नाहीत म्हणून सरकारी शाळेत घालते. पैसे नव्हतेच, पण तिने पाचही पोरं आमच्याकडे दिली. त्या पाच पोरांनी आमचं एक पद किती वर्षं धरून ठेवलं, याचा हिशोब मांडला तर कुठलाही देणगीदार तिच्यापुढे उभा राहणार नाही. मी तिला दाता म्हणतो. ती आज इथे नाही, रानात आहे. वेचणी आहे ना.

पुढच्या कामांबद्दल बोलावं अशी चिठ्ठी आली आहे. बोलतो. मराठी पुस्तकं वेळेवर मिळावीत म्हणून हैदराबादला शिष्टमंडळ न्यावं. कोण जाणार ते नंतर ठरवू. रिकाम्या जागांची यादी करावी. जमल्यास माजी विद्यार्थ्यांची एक संघटना. वेचणीच्या दिवसांतल्या गैरहजेरीवरही काही करायला हवं. कार्यकारिणीने बसून पाहावं. हे सगळं होईल तेव्हा होईल.

माझं काम मात्र मी ठरवलं आहे. जूनमध्ये बडीबाट, म्हणजे पटनोंदणीची मोहीम, निघते. शिक्षक दारोदार जातात, मजुरांच्या वस्तीत जातात, तांड्यावर, गुड्यावर जातात. गावातल्या माडीवर कुणी जात नाही; तिथे पोरं मिळत नाहीत, हे सगळ्यांनी धरूनच चाललेलं आहे. यंदा मी माडीवर जाणार आहे. ज्यांची ज्यांची पाटी शाळेच्या भिंतीवर आहे त्या प्रत्येक घरी. निवृत्त माणूस आहे, माझी बदली कुणी करू शकत नाही. चहा टाकू नका, पाहुणचार नको. पोराचा जन्मदाखला आणि आधार कार्ड तेवढं काढून ठेवा.

जय हिंद.