म्हाताऱ्या मांजराला घरी निरोप देताना

आजच्या भागात कोडिंग नाही, इंटरव्ह्यूची तयारी नाही. आज मांजराबद्दल बोलायचंय. आमची चिंगी गेली, हे मी मागच्या भागात ओझरतं सांगितलं होतं. त्यावर बऱ्याच जणांनी विचारलं, "घरीच कसं केलंत? इंजेक्शन द्यावं का?" हे चारचौघांत विचारायला अवघड जातं, कारण समोरचा पटकन म्हणतो, "मांजरच की!" म्हणून आज सविस्तर सांगतो.

चिंगी 2008 साली आमच्याकडे आली. मी तेव्हा सहावीत होतो. माझी दहावी, बीटेक, पुण्यातली नोकरी, मग लॉकडाऊनमध्ये परत शिवाजी पेठेतलं घर, हे सगळं तिनं कपाटावर बसून बघितलं. 2024 मध्ये ती 16 वर्षांची होती. माणसाच्या हिशेबात साधारण 80.

त्या वर्षाच्या सुरुवातीला ती पाणी जास्त प्यायला लागली आणि वजन उतरलं. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन वाढलेलं. म्हाताऱ्या मांजरांत किडनीचा आजार अगदी नेहमीचा. किडनीचा बराच भाग निकामी होईपर्यंत क्रिएटिनिन फारसं वाढतच नाही. त्यामुळे रिपोर्ट हातात येतो तेव्हा आजार जुना झालेला असतो. तो बरा होत नाही, फक्त लांबवता येतो. डॉक्टरांनी घरी सलाईन द्यायला शिकवलं. खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत धरायची, तिथे सुई, आणि पाणी हळूहळू कातडीखाली जातं. दिवसाआड हा कार्यक्रम. आई सुई लावणार, मी चिंगीला धरणार.

इथे एक कळकळीची सूचना. मांजराला दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल कधीही देऊ नका. मांजराच्या यकृताला ते औषध पचवता येत नाही, एका गोळीनंसुद्धा जीव जाऊ शकतो.

चार महिने बरे गेले. मे अखेरीस तिनं बांगड्याकडेही तोंड फिरवलं. डॉक्टर म्हणाले, आता इंजेक्शनचा विचार करून ठेवा. आणि घरात दोन तट पडले.

आजीचं म्हणणं ठाम. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान करावं लागतं, हे तुम्हीही ऐकलं असेल. त्यात मांजर हे षष्ठी देवीचं वाहन. आजी म्हणाली, "तिचं ती जाईल की. तू कोण ठरवणार?" हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. चिंगी सही करू शकत नव्हती. तिच्या वतीनं आम्ही ठरवणार होतो, आणि ठरवणारे आम्हीच थकलेलो होतो. आपल्याला सुटका हवीय की तिला, हे कसं ओळखायचं?

मला तेव्हा साबरमतीच्या वासराची गोष्ट आठवली. 1928 साल. आश्रमातलं एक आजारी वासरू वेदनेनं तळमळत होतं, त्याला कुशीवरही वळता येत नव्हतं. उपाय संपले होते. गांधीजींनी डॉक्टरांना बोलावून इंजेक्शन देऊन त्याचा शेवट करवला. नंतर 'नवजीवन'मध्ये स्वतःच लेख लिहून ते जाहीर केलं. अहिंसेचा आश्रम आणि त्यात गाईचं वासरू! संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा, की सेवा करूनही यातना कमी होण्याची आशा उरली नसेल आणि आपला स्वार्थ नसेल, तर त्या यातना संपवणं ही हिंसा नाही. मी हे आजीला सांगितलं. ती म्हणाली, "ते महात्मा होते. आपण हाय काय?"

खरं सांगायचं तर बिनतोड उत्तर होतं. स्वार्थ नाही, हे सिद्ध कसं करणार? मग मी माझ्या पद्धतीनं गेलो. अॅलिस व्हिलालोबोस नावाच्या अमेरिकन पशुवैद्य आहेत. त्यांनी एक मोजपट्टी केलीय, सात रकान्यांची: वेदना, भूक, शरीरातलं पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला 0 ते 10 गुण, जितकं बरं तितके जास्त. बेरीज 35 च्या वर असेल तर जगणं अजून सुसह्य आहे असं धरायचं. मी शीट केली. आई आणि मी रोज रात्री वेगवेगळे गुण द्यायचो, एकमेकांचे न बघता. आजी बघून म्हणाली, "मांजराचा जमाखर्च मांडायलाईस काय रे?"

होता जमाखर्चच. पण त्यानं एक झालं. आमचा थकवा बाजूला राहिला आणि नजर तिच्यावर गेली. मांजर दुखणं लपवतं. रडत नाही, फक्त कोपऱ्यात अंग आवळून बसतं, अंग चाटणं सोडतं. आनंदाच्या रकान्यात लिहिण्यासाठी रोज काहीतरी शोधावं लागायचं. कधी गॅलरीतलं ऊन, कधी आजीची मांडी. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सलग पाच दिवस दोघांचीही बेरीज 20 च्या खाली आली. त्या रात्री आई एवढंच म्हणाली, "आता आपल्यासाठी थांबवायला नको तिला."

डॉक्टर घरी आले. काय होतं ते स्पष्ट सांगतो, कारण माहीत नसलं की भीती वाटते. आधी गुंगीचं इंजेक्शन देतात, मांजर गाढ झोपतं. मग भुलीच्या औषधाचा मोठा डोस. काही मिनिटांत श्वास थांबतो, मग हृदय. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा आचका येऊ शकतो, लघवी होऊ शकते. ते दुखणं नसतं. चिंगी आईच्या मांडीवर, तिच्या जुन्या साडीवर होती. आजी आत जप करत बसली होती. सगळं झाल्यावर बाहेर आली आणि चिंगीच्या तोंडावर तुळशीचं पान ठेवून परत आत गेली.

पन्हाळ्याच्या वाटेवर मामाचं रान आहे, तिथे पुरलं. खड्डा खोल घ्या, कमरेएवढा तरी, आणि विहिरीपासून लांब. औषध शरीरात राहतं, कुत्र्यानं उकरून खाल्लं तर त्याच्याही जिवावर बेततं.

आजीचं मत आजही बदललेलं नाही, आणि मी ते बदलायला जात नाही. कुणी तरी "थांबा" म्हणणारं घरात होतं म्हणून आम्ही घाई केली नाही, असं मला वाटतं. पण थांबणं हाही निर्णयच असतो, आणि त्याचा त्रास मांजर सोसतं. म्हणून तुमच्याकडे म्हातारं जनावर असेल तर ते खातंपितं आहे तोवरच घरात बोलून ठेवा. कुणी ठरवायचं, डॉक्टर घरी येतील का, मांडीवर कुणी घ्यायचं. ऐन वेळी हे सुचत नाही.

तुमचे अनुभव कळवा. पुढच्या भागात परत आपल्या नेहमीच्या विषयांवर बोलू. काळजी घ्या.